आईच्या पोटावरची जुनी रेघ

हे मी लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. ऑपरेशनबद्दल डॉक्टरांनी लिहावं. मी कॉलेजात इतिहास शिकतो, तोही अडखळत, आणि आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. त्यामुळं काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण आईला तिचा कागद वाचून दाखवला तो मी, म्हणून हे सांगायलाही मलाच हवं.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. फुलंब्रीजवळच्या आमच्या गावात आठ दिवसांनी टँकर यायचा. वडील शहरात टँकरच चालवायचे. शहराच्या कडेनं नव्या सोसायट्या उठत होत्या, तिथं नळ पोचले नव्हते, त्यांच्या टाक्या ते भरायचे. घरी आले की आईनं त्यांच्यासाठी अर्धी बादली राखून ठेवलेली असायची. मी शहरातच, पुंडलिकनगरात, तीन मुलांबरोबर खोली घेऊन राहत होतो. आईला संडासातून रक्त जात होतं, ते तिनं चार महिने कुणाला सांगितलं नाही. उन्हाळ्यात मूळव्याध कुणालाही होते, असं तिचं म्हणणं. एक दिवस हंडा उचलताना ती खाली बसली, तेव्हा वडिलांनी तिला टँकरच्या केबिनमध्ये बसवून शहरात आणलं. तपासण्या झाल्या. मोठ्या आतड्यात गाठ होती आणि ती कॅन्सरची होती.

डॉक्टर बाईंनी कागदावर आतडं काढून दाखवलं. गाठ आणि तिच्या दोन्ही बाजूंचं थोडं आतडं काढायचं, मग टोकं जोडायची. हे दोन तऱ्हांनी करता येतं, त्या म्हणाल्या. पोटावर मोठा छेद घेऊन, नाहीतर चार-पाच बारीक छिद्रांतून दुर्बीण घालून, पडद्यावर पाहत. दुर्बिणीनं केलं की दुखणं कमी, माणूस लवकर उठतो, लवकर घरी जातो. कॅन्सर निघण्याच्या दृष्टीनं मात्र दोन्ही सारखंच. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं.

मामांना ते पटलं नाही. मामा पिशोरचे, आईचे थोरले भाऊ. त्यांना हाच आजार झाला होता, मागच्या दुष्काळात, गावची जनावरं चारा छावणीत बांधली होती त्या साली. तेव्हा त्यांचं पोट वरपासून खालपर्यंत उघडलं होतं. ते आता धडधाकट होते आणि भेटेल त्याला सदरा वर करून रेघ दाखवायचे.

"भाच्या, रानात पाच बोअर मारले मी, एकालाबी पाणी नाय लागलं," ते म्हणाले. "विहिरीत निदान वाकून पाहता तरी येतं."

मी म्हणालो, मामा, आत कॅमेरा असतो. ते म्हणाले, कॅमेरा मोबाइलमध्येबी असतो, म्हणून फोटोत मी कुठं चांगला दिसतो. आई हसली आणि हसता हसता तिनं पोट धरलं.

तिनं मला विचारलं, तू काय म्हणतोस. मी दुर्बीण म्हणालो. लहानपणी मी मामांना पाहिलं होतं. ते तीन महिने खाटेवर होते, खोकला आला की उशी पोटाशी दाबून धरायचे आणि डोळे मिटायचे. आईचं तसं झालेलं मला पाहायचं नव्हतं. मी शिकलेला, म्हणून सगळ्यांनी माझं ऐकलं. खरं तर माझ्याकडं एवढंच कारण होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आईला वजन करायला नेलं होतं, तेव्हा डॉक्टर बाईंनी मला विचारलं, यांचं आधीचं ऑपरेशन कशाचं? मी म्हणालो, माझं. म्हणजे माझ्या जन्माचं. मी पोटात आडवा होतो, म्हणून आईचं पोट फाडावं लागलं होतं. तिच्या बेंबीखाली ती उभी रेघ आहे. मी कधी हट्टाला पेटलो की ती म्हणायची, हा पोटातच आडवा होता, आता काय सरळ होणार.

डॉक्टर बाई म्हणाल्या, जुन्या टाक्यांमुळं आतडी कधी कधी आत चिकटून बसतात. तसं निघालं तर दुर्बीण अर्ध्यावर सोडून पोट उघडावं लागेल. संमतीच्या कागदावर ती ओळ आहे, त्यांना नीट समजावून सांगा.

कागद इंग्रजीत होता. मी आईशेजारी बसून एकेक ओळ मराठीत सांगत गेलो. ती ओळ आली आणि मी ती सोडून पुढं गेलो. ती ऐकून आई दुर्बीण नको म्हणेल, अशी भीती वाटली. दुसरं कारण लिहायला जड जातं. आतडी चिकटली असतील तर ती माझ्यामुळं, हे माझ्या तोंडून निघेना. आईनं एकेक अक्षर सुटं काढत सही केली.

तिला आत नेल्यावर दोनेक तासांनी सिस्टर बाहेर आली. आतडी चिकटली आहेत, पोट उघडावं लागतंय, असं सांगून ती आत गेली. वडील टँकरची किल्ली मुठीत धरून भिंतीकडं बघत राहिले. मामांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. ते सरकून माझ्याजवळ बसले, पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पी."

तिसऱ्या दिवशी आईला खोकला आला. मी उशी तिच्या पोटाशी धरली. खोकला थांबल्यावर, उशी तशीच धरून, मी तिला त्या ओळीचं सांगितलं.

"मला ठाव होतं," ती म्हणाली. मी वाचताना एका जागी थांबलो आणि मग पुढं गेलो, हे तिनं पाहिलं होतं. मी चहाला खाली गेल्यावर तिनं कागद सिस्टरकडून पुन्हा वाचून घेतला. सिस्टरनं सगळं सांगितलं, आणि आईनं तिला बजावलं, पोराला कळू देऊ नका मला कळलंय म्हणून.

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं.

"रडत बसला असतास, तुझ्यामुळं झालं म्हणून. पोटात आडवं पडायचं लेकराला काय कळतं." मग थोडा दम घेऊन म्हणाली, "डॉक्टर बाई जुन्याच रेघेवरून कापत वर गेल्यात म्हणं. खाली नवी जागा नाय लागली."

उशी मी सोडली नाही.

काढलेलं आतडं तपासणीला पाठवलं होतं. रोग कापलेल्या कडेपर्यंत गेला आहे का, आतड्यालगत सगळ्यांनाच असतात त्या बारीक गाठींमध्ये शिरला आहे का, हे त्यावरून कळणार होतं. पोट उघडलं काय आणि दुर्बीण घातली काय, आई वाचणार की नाही ते त्या रिपोर्टवर होतं. दहाव्या दिवशी ती घरी आली. मामा पिशोरला परत गेलेच नाहीत. आयुष्यात कधी हंडा न उचललेला माणूस सकाळी टँकरपाशी बायकांच्या रांगेत उभा राहू लागला. बायका त्यांना वहिनी म्हणून चिडवायच्या. ते म्हणायचे, मग वहिनीला पुढं जाऊ द्या की.

रिपोर्ट आणायला तेच शहरात आले. मी सोबत येतो म्हणालो, तर म्हणाले, तू वर्गात बस, वाचून दाखवणारे पुष्कळ आहेत. तास संपून मी कॉलेजच्या जिन्यात आलो. फोन वाजला.

"भाच्या, समदं निघालंय," मामा म्हणाले. "कडेला काय नाय, गाठींमंदीबी काय नाय. दोनदा विचारलं मी." मग स्वतःहून म्हणाले, "अन् डॉक्टर बाई म्हणत्यात, दुर्बिणीनं झालं असतं तरी एवढंच निघालं असतं. तेबी दोनदा विचारलं."