पिस्तुलावरचा लाल ठिपका

मी संशयी आहे, हे आमच्या घरात कुणी नाकारत नाही. कामच तसं आहे. भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागे एका व्यापाऱ्याकडे मी कापडाचे ताके तपासते. लूमवरून उतरलेलं कोरं कापड टेबलावरून पुढे सरकत राहतं आणि मी त्यात तुटलेला धागा, भोक, विरळ पट्टा शोधत बसते. चांगल्या कापडाकडे बघण्याचा मला पगार मिळत नाही. वीस वर्षं हेच केल्यावर भाजीवाल्याचा तराजू, डॉक्टरची चिठ्ठी आणि नवऱ्याचं गप्प बसणं, सगळ्याकडे त्याच नजरेने बघायची सवय लागली.

आमच्या गल्लीतली बंद पडलेली लूमची शेड कुणीतरी भाड्याने घेतली आणि सकाळी आतून ठणठण आवाज येऊ लागला, तेव्हा चौकशीला पहिली गेले ती मीच. पत्र्याच्या फटीला डोळा लावून उभी होते. आतून एक साठीचे गृहस्थ दारात आले.

"आत या ताई. भाईरून नीट न्हाय दिसत," ते म्हणाले.

ते निवृत्त हवालदार होते. अकलोलीच्या वर डोंगरात त्यांचा पाडा, घरचे अजून शेतीवर आणि मजुरीवर. आत चार बायका डोळ्यांना चष्मे लावून लोखंडी पत्र्यांवर पिस्तुलं झाडत होत्या. एका जागी उभं राहून नेम धरायचा हा खेळ नव्हता. जमिनीवर खडूने चौकोन आखले होते. यंत्राने बीप केलं की कमरेचं पिस्तूल काढायचं, एका चौकोनातून दोन पत्रे पाडायचे, पळत दुसऱ्यात जायचं, तिथून आणखी तीन. नेम आणि वेळ, दोन्ही मोजायचं. पिस्तुलं गॅसच्या छोट्या कुपीवर चालणारी, आतून लोखंडी छर्रे सुटणारी. याला लायसन लागत नाही, असं ते म्हणाले. मी कागद मागितला. त्यांनी नियमाची प्रत काढून दिली आणि मी ती तिथेच उभ्याने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. ते शांतपणे थांबले. या शांतपणाचाही मला संशय आला.

मग त्यांनी माझ्या हातात एक पिस्तूल दिलं. तिसरा छर्रा पत्र्याला लागला आणि पत्रा आडवा झाला. मला इतका आनंद झाला की मी खुळ्यासारखी हसले. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या बाईच्या हातून काहीतरी नेमकं लागलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी मी पुन्हा शेडमध्ये हजर झाले.

पहिल्याच आठवड्यात सरांनी, म्हणजे त्या हवालदारांनी, आम्हाला बसवून एक गोष्ट सांगितली. शेडचे मालक, आम्ही सगळे त्यांना शेठ म्हणायचो, वरच्या मजल्यावर राहत. "शेठनं जागा तोंडी दिलीय. एक जरी तक्रार आली तर खाली करायची, असं बोलले हायेत. पिस्तुलाचं नाव काढलं का दुसरं कुनी दार उघडत न्हाय. पडघ्यापर्यंत फिरून आलोय मी. ही जागा गेली तर खेळ संपला. म्हनून आवाज, भांडण, काय असंल ते माझ्याकडं आणा, वर नेऊ नका." आम्ही मान डोलावली. मी सगळ्यात जोरात डोलावली असेन.

तीन महिने उसन्या पिस्तुलावर काढल्यावर माझं स्वतःचं घ्यायचं ठरलं. मला वाटलं, आता हे आपल्याला सगळ्यात महागडं पिस्तूल दाखवणार. सरांनी आधी पट्टा घ्यायला लावला. साडीच्या दुकानात आधी फॉलचं कापड दाखवावं तसं ते मला वाटलं. पण मऊ पट्टा बांधला की वजनाने तो एका बाजूला लोंबतो आणि हात दर वेळी वेगळ्या उंचीवर जातो, हे त्यांनी माझ्याच जुन्या पट्ट्यावर दाखवलं. मग होल्स्टर, म्हणजे पिस्तूल अडकवायची कमरेवरची खोबण. ती कडकच हवी आणि तिने घोडा पूर्ण झाकला पाहिजे, म्हणजे काढताना बोट चुकून त्यावर जाणार नाही. मग डोळ्यांचा चष्मा, कारण छर्रा लोखंडावरून उलटा येतो. मग छर्रे भरायची जास्तीची एक मॅगझिन. पिस्तूल सगळ्यात शेवटी.

दुकानात काउंटरवर दोन ठेवली होती. एक मोठं, काळं, बघूनच छाती दडपेल असं. दुकानदाराने तेच पुढे सरकवलं. माझा अंगठा मॅगझिन सोडायच्या बटणापर्यंत पोहोचतच नव्हता. दुसरं हलकं होतं, पण घामेजल्या हातात साबणासारखं निसटायचं. सर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. माझ्याकडं एक वापरलेलं हाय. लगीन करून नाशिकला गेली त्या पोरीचं. तुमच्या हाताला बसंल."

वापरलेलं म्हटल्यावर शंकेची पाल चुकचुकलीच. पण हातात घेतल्यावर ते खरंच बसलं. बोट घोड्यावर नीट टेकत होतं, अंगठा बटणावर जात होता, डोळ्यासमोर आणलं की पुढची-मागची खूण आपोआप एका रेषेत येत होती. पन्नास छर्रे मारून बघितले, एकदाही अडकलं नाही. मी त्याच दिवशी घेतलं. दोष सापडला नाही याचीच थोडी हुरहुर लागली.

इथे मी माझ्या धंद्यातली एक गोष्ट केली. आम्ही पास झालेल्या ताक्याच्या काठाला, आत दुमडलेल्या भागात, रंगीत धाग्याचा एक टाका घालतो. वाटेत कुणी ताका बदलला तर टाका दिसत नाही आणि चोरी पकडता येते. पिस्तुलाला टाका कसा घालणार? मी मुठीच्या खालच्या कडेला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला, मोहरीएवढा. कुणालाच सांगितलं नाही. पिस्तूल आठवडाभर सरांच्या कपाटात असायचं. गुरुवारी संध्याकाळी मी ते रिकामं करून, डब्यात बंद करून, पावतीसकट घरी न्यायची आणि शनिवारी सकाळी परत आणायची. आरशासमोर काढायचा-ठेवायचा सराव त्या दोन संध्याकाळी व्हायचा.

नवरा यावर काहीच बोलायचा नाही. तो लूम दुरुस्त करणारा जॉबर आहे. मी आरशासमोर उभी असले की तो भिंतीला टेकून चहा पीत बघायचा आणि कप ठेवून निघून जायचा. "आवडत नाही का तुम्हाला?" मी एकदा सरळ विचारलं. "मी कुठं काय बोललो," तो म्हणाला. हेच तर मला खुपत होतं. ज्याला आवडतं तो काहीतरी बोलतो.

आमची पहिली स्पर्धा पंधरा दिवसांवर आली असताना पिस्तुलाने दगा दिला. नवी कुपी घातली की फुस्स आवाज. चार छर्रे जेमतेम जायचे, पाचवा पत्र्याला लागून खाली पडायचा आणि पत्रा तसाच उभा. सर हात पुढे करून म्हणाले, "द्या, बघतो." पण त्याआधी मी मूठ उलटी करून बघितली. लाल ठिपका नव्हता.

मी ती कड बोटाने चाचपली, दाराजवळ उजेडात नेऊन बघितली. कड स्वच्छ होती. माझं डोकं एकदम थंड झालं, चोर सापडल्यावर होतं तसं. मूळचं चांगलं पिस्तूल दुसऱ्या कुणाला विकलं आणि तसंच दिसणारं मोडकं माझ्या गळ्यात मारलं. कपाटाची किल्ली फक्त सरांकडे. तीन महिन्यांचा शांतपणा, आधी पट्टा, मग चष्मा, सगळ्याचा अर्थ मला त्या क्षणी लागला.

नेमके त्याच वेळी शेठ जिना उतरत होते. मी आवाज खाली ठेवू शकले असते. ठेवला नाही. खुणेपासून कपाटाच्या किल्लीपर्यंत सगळं मी बायकांसमोर आणि शेठसमोर सांगितलं. "माझं पिस्तूल बदललंय यांनी," मी म्हटलं, "आणि माझ्याकडे पुरावा आहे."

सरांनी पिस्तूल माझ्या हातातून घेतलं. कुपीची जागा उघडली, आत बघितलं, चेहऱ्याजवळ नेलं आणि परत बंद केलं. माझ्याकडे एकदा बघितलं. मग ते टेबलावर ठेवलं.

शेठ म्हणाले, "मैंने पहले दिन बोला था हवालदार साब, लफड़ा नहीं मंगता. हफ्ते भर में खाली कर दो." सरांनी मान हलवली. मी पिस्तूल टेबलावरच सोडून तरातरा घरी आले. तोवर मला स्वतःचा अभिमानच वाटत होता.

घरी नवरा जेवत होता. मी बसायच्या आधीच सुरू झाले. ठिपक्यापर्यंत आले तेव्हा त्याचा घास हातातच राहिला.

"लाल ठिपका? मुठीखाली?"

"हो."

"तो मी काढला. डाग वाटला. थिनरनं पुसला."

मी खाली बसले.

"लूम शुक्रवारी बंद असतात ना," तो म्हणाला. "तू कामावर गेलीस की घरी मी एकटाच. तुझं ते पिस्तूल खोलायचो, पुसायचो, सगळीकडं तेल द्यायचो. आपलं लूमचं. मशीन म्हणजे तेल पायजेच. तुझं ते मध्येच अडकायला नको म्हणून."

तो उठून कपाटातून फडकं घेऊन आला. पिस्तुलाला गुंडाळायचं, जुन्या धोतराचं. त्यावरचे पिवळट डाग मी डोळे मिटून ओळखले असते, रोज दहा ताके त्याच डागासाठी बाजूला काढते. घरातल्या फडक्याकडे मात्र मी कधी बघितलंच नव्हतं. गॅसच्या पिस्तुलात आत रबरी वायसर असतो आणि त्याला हे तेल चालत नाही, हे सरांनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी ते घरी सांगितलं नव्हतं, कारण घरात माझ्या पिस्तुलाला कुणी हात लावत असेल, असं मला वाटलंच नव्हतं.

"बिघडलं का त्यानं?" नवऱ्याने विचारलं. मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी शेठकडे वर गेले. माझी चूक झाली, तक्रार खोटी होती, असं स्पष्ट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "कल सच्ची थी, आज झूठी है," ते म्हणाले. "मैं किस दिन की मानूँ, मैडम?" पुढे अर्धा तास मी बोलत राहिले. जागेची बोलणी त्यांनी रात्रीतच एका गोदामवाल्याशी केली होती.

खाली सर एकटेच होते. पत्रे काढून एकावर एक रचत होते. माझं पिस्तूल टेबलावर होतं, डब्यात, शेजारी फुगलेला जुना वायसर. नवा त्यांनी घालून ठेवला होता.

"तुम्हाला कालच कळलं होतं," मी म्हटलं.

"वास आला ना. लूमच्या तेलाचा वास भिवंडीत कुनाला न्हाय कळनार."

"मग बोलला का नाहीत? एका शब्दात मी तोंडघशी पडले असते. जागा वाचली असती."

त्यांनी हातातला पत्रा खाली ठेवला. "मला वाटलं, तुमच्या मिस्टरांनी मुद्दाम केलं आसंल. लय बायकांचं आसंच बंद पडतं, ताई. कुनी पट्टा लपवतं, कुनी मॅगझिन फेकून देतं. चारचौघांत त्यांचं नाव निघालं आसतं, तर घरी गेल्यावर तुमाला पुन्यांदा यायला दिलं आसतं का?"

मी तो फुगलेला वायसर उचलला. "मुद्दाम नाही केलं त्यांनी, सर," मी म्हटलं. "माझं चांगलं चालावं म्हणून केलं." म्हणतानाच मला कळलं की हे सिद्ध करायला माझ्याकडे काहीही नाही. मी त्यांच्या जागी असते तर दहा प्रश्न विचारले असते.

"आसं व्हय," सर म्हणाले. "चांगलं झालं मग." आणि पुढचा पत्रा काढायला वळले.