हात न फिरवलेलं चित्र

"कलादालन कशाला? त्यापेक्षा सर्पोद्यानात न्या. मुलांना साप तरी कळतात," मोठ्या बाई म्हणाल्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. मार्केट यार्डाजवळच्या आमच्या मराठी शाळेत मी चित्रकला शिकवते.

"साप त्यांच्या गल्लीत निघतात," मी म्हणाले. "चित्रं निघत नाहीत."

त्यांनी सही केली, पण माझ्याकडे न बघता. कलादालनाच्या पत्रातलं म्हणणं साधं होतं. मुलांनी यावं, चित्रं बघावीत, मग तिथेच बसून स्वतः काढावीत. नंतर सगळ्यांची चित्रं आठवडाभर दालनात लागणार होती. निवडक नाही, सगळ्यांची. हे वाचून मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं होतं आणि ते मी लपवलंही नाही.

सातवीची अडतीस मुलं घेऊन मी सिटी बसने निघाले. दालनात शिरल्या शिरल्या रखवालदार म्हणाला, "कशाला हात लावायचा नाही." मुलांनी ताबडतोब हात पाठीमागे बांधले, तपासणीला साहेब आल्यावर बांधतात तसे. तासभर ती तशीच फिरली. मला ते बघवेना, पण मीच त्यांना ही सवय लावली होती, त्यामुळे रखवालदारावर चिडण्यात अर्थ नव्हता.

मागच्या व्हरांड्यात मात्र जमिनीवर मोठमोठे कागद पसरून ठेवले होते. आमच्या मुलांनी चित्रकलेच्या वहीपेक्षा मोठा कागद कधी पाहिला नव्हता. कार्यशाळा घेणारी मुलगी माझ्या निम्म्या वयाची असेल. तिने प्रत्येकाला कोळशाची कांडी दिली आणि म्हणाली, "रबर नाहीये हं. बोटं आहेत."

अडतीस तोंडं माझ्याकडे वळली. "बाई, काय काढू?"

मी सवयीने 'बाजारातील दृश्य' म्हणणारच होते. तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "आज बाईंना नाही विचारायचं." मला ते चांगलंच झोंबलं. एवढी वर्षं नोकरी केली ती काय फुकट? पण बोलायची सोय नव्हती, मी पायरीवर जाऊन बसले.

शेवटच्या बाकावर बसणारी एक मुलगी होती. वर्षात चार वाक्यं बोलली असेल. तिची आई यार्डात कांदे निवडते आणि शाळा सुटली की ही आईजवळ जाऊन बसते. तिने कांडी बाजूला ठेवली आणि कोळशाची भुकटी दोन्ही तळव्यांनी कागदभर फासली. मग बोटांनी पुसत, दाबत, वरून पुन्हा काळं करत पोती काढली. एकावर एक रचलेली, खालून वर बघितल्यावर दिसतात तशी. आभाळ नाही, माणूस नाही. सगळ्यात खालचं पोतं वरच्यांच्या ओझ्याने पार चेपलेलं. ते बघताना ओझं माझ्या खांद्यांना जाणवलं. दोन पोत्यांच्या फटीत तिने थोडी जागा पांढरी सोडली होती.

"इथे काय आहे?" मी पायरीवरूनच वाकून विचारलं.

"तिथनं आई दिसती."

"मग आई कुठाय?"

"खाली वाकलीय ना, बाई. कांदं निवडतीय."

एवढ्या वर्षांत असं चित्र माझ्या वर्गात निघालं नव्हतं, आणि का निघालं नव्हतं ते मला तिथेच, त्या पायरीवर कळलं.

आमच्याकडे एक रीत आहे. बऱ्याच शाळांत असते, कुणी बोलत नाही. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी चित्रकलेच्या बाई गठ्ठा घेऊन बसतात आणि जाड काळ्या स्केचपेनने एकेका चित्रावर शेवटचा हात फिरवतात. डोंगराला कड, झाडाला कड. नाक नसेल तर नाक. सूर्य वाकडा असेल तर वाटी ठेवून गोल. पालक खूश, संस्था खूश. सगळी चित्रं एकाच मुलाने काढल्यासारखी दिसतात आणि ते मूल म्हणजे मी.

नावाच्या चिठ्ठ्या लावण्यासाठी चित्रं आठवड्यासाठी शाळेत आली. उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष येणार होते, म्हणून मोठ्या बाईंनी गठ्ठा स्वतः पाहिला. पोत्यांच्या चित्राशी थांबल्या.

"अहो, हे काय? कोळसा सांडलाय का?"

"पोती आहेत."

"मग पोत्यांसारखी दिसू देत की. कडा काढा. आणि ही जागा का रिकामी?"

"तिथे आई आहे. वाकलेली आहे, म्हणून दिसत नाही."

"मग उभी करा तिला. दोन मिनिटांचं काम."

"मी हात लावणार नाही."

त्यांनी चष्मा काढला. "इतकी वर्षं लावलात. आजच काय अंगात आलं?"

प्रश्न अगदी रास्त होता. तरी मी पुन्हा नाही म्हणाले. मग त्यांनी मधला मार्ग काढला. हे एक चित्र मागे ठेवायचं आणि बाकीची सदतीस नीट करून पाठवायची. मी म्हणाले, जातील तर अडतीस जातील, आणि आहेत तशी जातील.

"लेखी द्या."

मी तिथेच उभ्या उभ्या लिहून दिलं. "मुलांच्या चित्रांना मी हात लावणार नाही." खाली सही, तारीख. त्यांनी कागद घडी करून खणात टाकला आणि म्हणाल्या, "ठीक आहे. मराठीच्या सरांचा हात चांगला आहे, ते करतील."

मूग गिळून गप्प बसण्याचा माझा अनुभव दांडगा आहे, पण त्या दिवशी तो कामी आला नाही. मधल्या सुट्टीत मी गठ्ठा उचलला, फाटकासमोर रिक्षा थांबवली आणि थेट कलादालन गाठलं. चित्रं मांडीवर होती. कोळसा साडीला लागला, हातांना लागला, कपाळावर कसा गेला देव जाणे. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी खुलासा मागणारं पत्र टेबलावर होतं. विनापरवानगी शाळेचं साहित्य बाहेर नेल्याबद्दल. मी उत्तर दिलं की साहित्य मुलांचं आहे. पुढच्या वर्षीच्या सहलीतून माझं नाव कापलं गेलं आणि मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण माफीचं पत्र मागितलं होतं, ते मी अजून दिलेलं नाही आणि देणारही नाही.

उद्घाटनाच्या दिवशी ती मुलगी आईला घेऊन आली. आई दारातच चप्पल काढायला लागली, तिला मी आत आणलं. अध्यक्ष आणि मोठ्या बाई दोन हातांच्या अंतरावर उभे होते. मी वाट बघत होते की आता मुलगी हरखेल. माझी लढाई मी जिंकलेच होते ना. ती चित्राजवळ गेली, बराच वेळ बघत राहिली आणि मग माझ्याकडे आली. चेहरा उतरलेला.

"बाई, माझं चित्र तुमाला आवडलं नाय का?"

"असं का म्हणतेस?"

"पेन मारलं नाय तुमी."

तिच्या लेखी ती काळी कड म्हणजे बाईंची शाबासकी होती. मी ती वर्षानुवर्षं वाटली होती आणि नेमकी हिच्या वेळी हात आखडता घेतला होता.

मी तिच्यासमोर खाली बसले. "खूप आवडलं. मी पेन मारलं असतं तर बिघडलं असतं."

ती विचारात पडली. "मग मागल्या वर्षीचं बिघडलं व्हतं का?"

मोठ्या बाई ऐकत होत्या. अध्यक्षही बोलायचे थांबले होते. आवाज खाली आणावा असं मला क्षणभर वाटलं, पण मी तो आणला नाही.

"हो," मी म्हणाले. "मागच्या वर्षीचं मी बिघडवलं."

तिने एकदा माझ्या हातांकडे पाहिलं, एकदा माझ्या तोंडाकडे.

"मग हितनं पुढं हात लावू नका," ती म्हणाली.

मी बरं म्हणाले.