न हलवता घेतलेला नमुना

पोशन्ना बाटली उलटी करणार, एवढ्यात समोरच्या स्टुलावरचा माणूस ओरडत उठला, “हालवू नका! मॅडम, थांबवा त्यांना!”

पोशन्ना आमच्या लॅबचा अटेंडर. नमुना आला की आधी बाटली चांगली हलवायची, मग मोजून घ्यायचा, हे तो माझ्याहून जास्त वर्षं करत होता. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी आदिलाबादला दारू तपासणाऱ्या सरकारी लॅबमधली केमिस्ट, रिटायरमेंटला चार महिने उरलेली. मला कोणी माझं काम शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं.

“तुम्ही खाली बसा,” मी म्हणाले. “इथे नियम आमचे चालतात.”

ओरडणाऱ्याचं नाव अविनाश. इचोड्याजवळच्या खेड्यातला, वय अठ्ठावीस. फ्रान्समध्ये एका द्राक्षमळ्यावर नोकरी करायचा आणि सुट्टीवर गावी आला होता. नागपूरहून येताना राज्याच्या सीमेवरच्या नाक्यावर बॅग उघडली गेली आणि ही बाटली निघाली. विमानतळावरच्या कस्टमची पावती होती. पण लेबल पिवळं पडलेलं आणि तळाशी काळपट गाळ. महागड्या बाटलीत भलताच माल भरून विकायचे प्रकार होतात, म्हणून इन्स्पेक्टरने ती सील करून माझ्याकडे पाठवली. माझा रिपोर्ट वाईट गेला की केस होणार. केस झाली की पोलिसांचा दाखला अडकणार, आणि दाखल्याशिवाय त्याचा व्हिसा नवा होणार नव्हता. नोकरी गेल्यातच जमा.

सील मालकासमोर तोडायचं असतं, म्हणून तो हजर होता. सोबत वडील, मारोतराव. त्यांची काळजी वेगळी होती.

“बाई, गावात आधीच म्हनून राह्यले, मारोत्याचा पोरगा तिकडं दारू इकते,” ते म्हणाले. “आता केस झाली तं कोनाला तोंड दाखवू?”

खरं सांगायचं तर माझ्या कच्च्या कागदावर ‘गाळ आढळला’ असं पेन्सिलने लिहून झालं होतं. गाळ दिसला की आमचा शेरा ठरलेला: पिण्यास अयोग्य.

“जुन्या रेड वाईनीत गाळ बसतेच, मॅडम,” अविनाश आता हळू आवाजात म्हणाला. “द्राक्षाच्या सालीचा रंग, तुरटपना, सारं वर्षानुवर्षं खाली बसत जाते. हालवली का गढूळ होते. मंग तुमी नापासच कराल.”

“मग तपासायची कशी?”

“वरची आधी हळू काढून घ्या. गाळ निराळा तपासा.”

त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि मला त्याचाच जास्त राग आला. तरी पोशन्नाला मी बाटली खाली ठेवायला सांगितली आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘नमुना न हलवता घेतला.’ असं मी नोकरीत पहिल्यांदाच लिहीत होते.

बाटली चार दिवस आमच्या कपाटात उभी होती, म्हणून गाळ तळाशी बसलेला होता, हे नशीब. बूच काढायचं अवजार लॅबमध्ये नव्हतं, ते अविनाशच्या बॅगेत निघालं. मी ओतत गेले आणि त्याने बाटलीच्या मानेमागे मोबाइलचा टॉर्च धरला. गाळाची काळी रेघ मानेशी आली तशी त्याने “बस” म्हटलं. बीकरमध्ये विटकरी रंगाची, आरपार दिसणारी वाईन उतरली होती.

मग आमची नेहमीची कामं. अल्कोहोल लेबलप्रमाणेच निघालं. पांढऱ्या लोकरीचा दोरा वाईनमध्ये उकळायला ठेवला. कृत्रिम रंग असला तर तो लोकरीला घट्ट धरतो, फळाचा रंग टिकत नाही.

दोरा उकळेपर्यंत मारोतरावांनी विचारलं, “कोन्या गावची म्हने हे?”

“बोर्दो, बाबा.”

“बोर्डो? मोरचूद-चुन्याचं फवारतेत, ते?”

“त्याच भागातलं. ते औषध तिथल्याच मळ्यात निघालं.”

मारोतरावांना एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. “जमीन कशी हाय? काळी?”

“नाई. नुसते गोटे. पानी थांबत नाई, मुळ्या खोल जातेत. दिवसाचं ऊन गोटे धरून ठेवतेत.”

“आमी तं गोटे येचून बांधावर टाकतो.”

“तिथं गोट्यापायीच जमिनीला भाव हाय.”

मारोतराव बराच वेळ मान हलवत राहिले. मी दोरा पाण्याखाली खळखळून धुतला. रंग निघून गेला, म्हणजे तो फळाचाच. गाळ मायक्रोस्कोपखाली पाहिला तर रंगाच्या कणांत बारीक खडे चमकत होते. चिंचेत असतं त्याच आम्लाचे. पेन्सिलने लिहिलेलं मी खोडून टाकलं.

“वास घेऊन पाहा, बाबा,” अविनाश म्हणाला. मी बीकर पुढे केला. मारोतरावांनी नाक घातलं आणि डोळे मिटले.

“तंबाखूच्या डबीचा येते. लाकडाच्या.”

अविनाश खुर्चीतून उठलाच. “मॅडम, हेच शिकाले मले दोन वर्षं लागली! तंबाखू अन लाकूड, तिकडच्या जुन्या वाईनीची खूणच हाय ते.”

“म्हंजे हे काम करते काय तू? वासाचं?” म्हाताऱ्याने विचारलं, आणि लेकाकडे नव्याने बघितलं.

मग अविनाश माझ्याकडे वळला. “मळ्याच्या मालकिनीनं दिली, माह्या जन्माच्या सालची म्हनून. बाबासंग उघड म्हने. एक घोट देऊ का त्याइले?”

“मी घेत नाई,” मारोतराव म्हणाले, “पन पोरानं आनली तं घोटभर घेतो.”

मी म्हणाले, “नमुना पिता येत नाही. निकाल लागेपर्यंत सीलबंद ठेवावा लागतो.”

रिपोर्ट गेला: माल अस्सल, गाळ नैसर्गिक. इन्स्पेक्टरने कुरकुर करत प्रकरण बंद केलं. दाखल्याची आणि व्हिसाची वाट मोकळी झाली. उरलेला नमुना परत न्यायला बापलेक आले ते अकरा दिवसांनी. अविनाशने बूच काढून वास घेतला आणि ते पुन्हा लावलं. एकदा उघडलेली जुनी वाईन दिवसभरसुद्धा धड राहत नाही, हे त्याला तपासणीच्या दिवशीही माहीत होतं. मी विचारलं नव्हतं.

“आंबली का? वरनात चालन,” मारोतराव म्हणाले, बहुधा मला बरं वाटावं म्हणून.

मला बरं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. त्या दिवशी सकाळी मी एक नियम वाकवला होता, दुपारी दुसरा वाकवायचा धीर झाला नाही. वाईन खरी की खोटी, हे सांगायला आमच्याकडे सगळी साधनं होती. ती कोणासाठी आणली, हे लिहायला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.