काळा दोरा आणि दोन व्होल्ट

बोईसरचा कारखाना बंद पडला तेव्हा रोहिदासने भंगारातून तापमान सांभाळणारा एक कंट्रोलर उचलून जव्हारला आणला. बायको म्हणाली, "लोक घरी येताना मिठाई आणतात." पुढे त्याने बाजारात मिक्सर-दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि कंट्रोलर फळीवर जाऊन बसला. कारखान्याचं अख्खं खातं चालवलेला माणूस आता चटणीची भांडी उघडत होता. तक्रार मात्र कधी केली नाही. तक्रार ऐकायला गिऱ्हाईक थांबत नसे.

म्हणून सूर्यमाळच्या पाड्यावरची गोदा अंडी उबवायचं यंत्र मागायला आली, तेव्हा तो जरा जास्तच खूश झाला.

दिवाळी सरली की गोदाचा पाडा वीटभट्टीवर जातो. तिकडे त्याला 'जगायला जाणं' म्हणतात. उरलेलं वर्ष घरी काय चालतं, ते त्यातच आलं. यंदा मात्र गोदाने भट्टीच्या मुकादमाला थोपवून धरलं होतं. लेक हर्षदा दहावीला होती. गावठी पिलं निघाली, तर ती विकून घरी राहायचं. नाही निघाली, तर भट्टीचा ट्रक होताच.

रोहिदासने बिघडलेल्या फ्रिजचं कपाट घेतलं, वरच्या अंगाला बल्ब लावले, तळाशी तापमान मोजणारी तार सोडली. हवा खेळवायला चोवीस व्होल्टचा छोटा पंखा, तोही कपाटाच्या बाजूला जाळीआड. फळीवरून उतरवलेला कंट्रोलर शून्य ते दहा व्होल्टचा नुसता इशारा देतो, पंखा ओढायची ताकद त्यात नसते; म्हणून मध्ये एक इलेक्ट्रॉनिक कार्ड बसवलं. इशारा वाचायचा आणि बॅटरीतून पंख्याला तेवढाच जोर द्यायचा, एवढंच त्याचं काम. आत तापलं की पंखा जोरात, गारवा आला की मंद. दुकानात त्याने पंखा पूर्ण वेगाने सोडला आणि हळूहळू उतरवत आणला. दोन व्होल्टला तो रेंगाळत का होईना, फिरत होता. रोहिदासने इशाऱ्याची खालची हद्द दोनावर ठेवली आणि चहा मागवला.

अंडी फुटायच्या आधीचे शेवटचे दिवस कपाट उघडायचं नसतं. ते बंद करायला तो सूर्यमाळला गेला. थंडीने हात आखडले होते. जाळीला काळा दोरा बांधलेला दिसला. पंख्याच्या वाऱ्याने त्याचं टोक हलत होतं.

"हे काय, मावशी?"

"नजर लागती, दादा. येनारा-जानारा बघून जातोय."

"यंत्राला नजर लागत नाही. दोरा पात्यात गेला तर पंखा बसेल."

"मी बोललो व्हतो," गोदाचा नवरा मंगळू उंबऱ्यावरून म्हणाला, "हिला तर कोंबडीलापन बांधायचा व्हता."

रोहिदासने पंख्याचं बटण बंद केलं, दोरा कापला आणि बटण पुन्हा चालू केलं. जाळीतून बारीक गुणगुण आली.

"पाती दिसत नाय आतली," गोदा म्हणाली.

"बघायचं कशाला? आवाज येतोय ना? आवाज आहे तोवर चालू आहे. जाळीला हात लावू नका."

तिने हात लावला नाही. झोपायच्या आधी, उठल्यावर, पाणी आणायला निघताना ती जाळीला कान देऊन उभी राहायची. वीजही त्या दिवसांत एकदाही गेली नाही, त्यामुळे दोष द्यायची नेहमीची सोयही उरली नाही.

दिवस भरल्यावर रोहिदासने कपाट उघडलं तेव्हा वरच्या फळीवरची अंडी उकडली होती. खालची गार होती. एकाला आतून चोचीने बारीक चीर गेली होती, तिथेच थांबलेली.

रोहिदास जाळीपाशी बसला. आत टॉर्च मारला. पाती स्थिर होती, आणि गुणगुण चालूच होती. फिरत्या पंख्याला दोन व्होल्टचा इशारा पुरतो. थांबलेल्याला पहिला हिसका जास्त लागतो. पंखा थांबवला होता त्यानेच, दोरा कापायला. तळाची तार गारवा सांगत राहिली, कंट्रोलर बल्ब पेटते ठेवून मंद इशारा देत राहिला, पंखा जागच्या जागी गुणगुणत राहिला. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं. दोरा असता, तर त्याचं टोक लटकलं असतं आणि गोदा ओरडली असती. नजरेच्या भीतीने का होईना.

"आवाज तर येत व्हता," गोदा म्हणाली. ती त्यालाच धीर देत होती.

"माझं चुकलं, मावशी."

"आता कोनाचं का असंना." ती आत भांडी बांधायला गेली.

रोहिदासने सुरुवातीलाच जोराचा इशारा जाईल आणि मग तो उतरेल, अशी दुरुस्ती केली. वेळ फारसा लागला नाही. ट्रक आला तेव्हा हर्षदाने दप्तर घ्यायचं की नाही ते विचारलं, आणि आईने "घे, उशाला व्हईल," म्हटलं. दाराला कुलूप लागलं.

पंख्याचं बटण बंद करायचं राहिलं होतं. बॅटरी संपेपर्यंत कुलुपाआड तो नीट फिरत राहिला.