मालकाची खुर्ची

बायकांच्या छोट्या कारखान्यांना सरकारी कंत्राटं मिळवून देणाऱ्या आमच्या मदत केंद्रात काकू पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांच्या आवाजाने पंखा दचकून थांबला आणि आमचा शिपाई कित्येक वर्षांनी जागा झाला.

"साहेब, माझ्या चादरींनी कुणाचं घोडं मारलंय?"

कुणाचंच नव्हतं. नवऱ्याच्या माघारी काकूंनी शिलाईचा कारखाना एकटीने चालवला होता. आता सरकारी दवाखान्याच्या चादरींचं काम मिळालं तरच तो तगणार होता. अर्ज झाला, उरली फक्त तपासणी.

अधिकारी बाईंना घेऊन मी गेलो. एरवी कापडवाल्याला घाम फोडणाऱ्या काकूंनी पाहुणे दिसताच दिराला खुर्ची दिली आणि स्वतः चहाकडे वळल्या.

"मालक कोण?" बाईंनी विचारलं.

"हे काय, भावोजी बसलेत ना!"

सुईत दोरा ओवता न येणारे भावोजी ऐटीत खाकरले. मी डोळे वटारले, तशा काकू हळूच म्हणाल्या, "असू द्या हो साहेब. चारचौघांत मान दिला तर आपलं काय जातं?"

बाईंनी मालक पुरुष असल्याची नोंद केली. मी पुढे कितीही सांगितलं तरी ती बदलली नाही.

काकू आता दुसऱ्याच्या कारखान्यात रोजावर त्याच दवाखान्याच्या चादरी शिवतात.