न भरणारं पोट

फोन वाजला तेव्हा टेलरबाई एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही उसवत होत्या. "ताबडतोब या. तुमच्या चिमणीनं वर्गातले डबे फस्त केलेत," पलीकडून वर्गबाई म्हणाल्या. कोट तसाच टाकून टेलरबाई पायांत चपला सरकवत निघाल्या.

चिमणी हे लेकीचं लाडाचं नाव. जन्मली तेव्हा दूध ओढण्याचंही त्राण नव्हतं तिच्यात. चमच्यानं थेंब थेंब पाजून जगवली होती. मोठ्या दवाखान्यात निदान झालं. जनुकांतला दोष, हजारो मुलांत एखाद्यालाच होणारा. "पुढे हिला भूक लागेल, पण पोट भरलेलं कळणार नाही," डॉक्टर म्हणाले, तेव्हा टेलरबाईंना खरंच वाटेना. घोटभर दुधानं दमणारी पोर खादाड होणार? पण शाळेचं वय झालं आणि भूक जागी झाली. कच्चं पीठ, बटाटे, कचऱ्यातली सालं, काही म्हणता काही सुटेना. फ्रिजला साखळी आली, स्वयंपाकघराला कुलूप. शाळेत मात्र त्यांनी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. प्रवेशच नाकारला तर?

चिमणी वर्गाच्या कोपऱ्यात फतकल मारून मनगटावरची खपली खरवडत होती. रक्त आलं तरी तिला पत्ता नव्हता.

"घरी हिला जेवायला देता की नाही?" वर्गबाईंनी विचारलं. "म्हणते, आई स्वयंपाकघराला कुलूप लावते."

"लावते!" टेलरबाई ताडकन म्हणाल्या, आणि मग सगळंच भडाभडा बोलून गेल्या. "हावरट नाही हो ती. तिचं पोट तिला कधी 'बास' म्हणतच नाही."

"अहो, मग आधी सांगायचं नाही का?" वर्गबाईंचा चेहरा पडला. "मी सगळ्यांसमोर चोर म्हणाले तिला."

"ते राहू द्या. आधी दवाखाना. हिला उलटी होत नाही, आणि पोट फुगलं तरी दुखत नाही."

दोघींनी तिला दोन्ही बाजूंनी धरून नेलं. संध्याकाळपर्यंत पोट उतरलं. तोवर नर्सचं डोकं खाऊन झालं होतं: "जेवण कधी? नक्की कधी?"

त्यानंतर सगळ्या वर्गाचे डबे ऑफिसच्या कपाटात बंद होऊ लागले. शोधायला काही उरलं नाही, तशी चिमणी जरा निवळली. पण एखादा तास इकडचा तिकडे झाला की अजूनही जमिनीवर लोळण घेऊन किंचाळायची.

टेलरबाईंचं मात्र चित्त थाऱ्यावर येईना. फोन वाजला की दचकायच्या, नाही वाजला की जास्तच. एका दुपारी राहवेना म्हणून त्या शाळेत गेल्या आणि वर्गाच्या खिडकीतून डोकावल्या. चिमणी चित्राचे तुकडे भराभर जुळवत होती.

"अगं, उलटा धरलायस तो! किती वेळा सांगायचं?" ती शेजारणीवर डाफरली, हुबेहूब आईच्या आवाजात.

टेलरबाईंना हसू फुटलं. पदरानं तोंड दाबून त्या फाटकापर्यंत गेल्या, आणि आणखी एकदा बघून यावं म्हणून परत फिरल्या.