शालनबाईंना अवकाश सापडला

शालनबाई दहिवडीहून पिंपरीला आल्या १९५६ साली. त्यांचे यजमान रंगराव औषधांच्या नव्या कारखान्यात फिटर म्हणून लागले होते आणि त्यांना वसाहतीत क्वार्टर मिळालं होतं. दोन खोल्या, पुढं दार, मागं दार आणि स्वयंपाकाच्या खोलीत छताला लागून एक झरोका. समोरच्या माळावरची धूळ त्या झरोक्यातून थेट आमटीत उतरायची, म्हणून शालनबाईंनी आल्या आल्या त्यात गोणपाटाचा बोळा कोंबून टाकला. ओळीतल्या सगळ्याच बायकांनी तसंच केलं होतं.

सकाळचा भोंगा झाला की रंगराव जायचे आणि घर अगदी गप्प व्हायचं. शालनबाई मराठी सातवी झालेल्या होत्या, वाचायची त्यांना भारी हौस. वसाहतीत वाचनालय उघडल्याचं कळलं तशा त्या दुसऱ्याच दिवशी तिथं गेल्या. वाचनालय म्हणजे एक खोली, दोन कपाटं आणि दत्तोबा नावाचे सुपारी कातरत बसलेले गृहस्थ.

"काहीतरी घरगुती द्या वाचायला," शालनबाई म्हणाल्या. त्यांना कादंबरी हवी होती, सासू-सुनांची असली तरी चाललं असतं.

दत्तोबांनी कपाटात डोकं घातलं आणि एक जाडजूड पुस्तक काढून दिलं. "हे सगळं घरांबद्दलच आहे, ताई."

ते होतं वास्तुकलेच्या विचारांवरचं पुस्तक. घरी येऊन शालनबाईंनी पहिलं वाक्य वाचलं : वास्तू म्हणजे अवकाशाला दिलेला आकार. त्यांनी ते पुन्हा वाचलं. अवकाश म्हणजे सवड, हे त्यांना ठाऊक होतं. जेवायला अजून अवकाश आहे, असं त्या रोज म्हणत. आता सवडीला आकार कसा द्यायचा? संध्याकाळी त्यांनी रंगरावांना विचारलं.

"अगं, सवड झाली की घर बांधावं, असं असेल," रंगराव चहा फुंकत म्हणाले.

पुढची दोन पानं याच अर्थानं वाचल्यावर शालनबाईंचं डोकं गरगरायला लागलं. त्या पुस्तक परत करायला गेल्या.

"मलाही पहिल्या पानाच्या पुढं जाता आलं नाही," दत्तोबा म्हणाले. "पण चित्रं बरी आहेत. मधूनच कुठूनतरी उघडून बघा ना. कथा थोडीच आहे, की आधी काय झालं ते कळायलाच हवं?"

शालनबाईंनी तिथंच उभ्या उभ्या पुस्तक मधोमध उघडलं. समोर आलं झरोक्यांचं प्रकरण. त्यात लिहिलं होतं की तापलेली हवा वर चढते, तिला वरून वाट द्यावी. गार हवेला खालून वाट द्यावी. मग घर आपण होऊन श्वास घेतं. शालनबाई ते वाचत वाचतच घरी आल्या. वाटेत कुणाच्या तरी वाळवणावर पाय पडला, तेही त्यांना कळलं नाही.

घरी येऊन त्यांनी शेगडी पेटवली. कोळसे नुकतेच धरत होते आणि धुरानं खोली भरली होती. शालनबाई स्टुलावर चढल्या, गोणपाटाचा बोळा उपसून काढला आणि खाली उतरून मागचं दार सताड उघडलं. खोलीतला धूर क्षणभर घुटमळला. मग तो वळला, दोरीसारखा लांब झाला आणि झरोक्यातून सरळ बाहेर निघून गेला. शालनबाई बघतच राहिल्या. कुणीतरी कागदावर लिहिलेलं वाक्य आपल्या डोळ्यांदेखत घरात चालताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. त्यांना हसू फुटलं आणि ते थांबेना.

त्या तशाच शेजारच्या कौशल्याबाईंकडं गेल्या. "तुमचा बोळा काढा."

"कसला बोळा?"

"सांगते. आधी स्टूल द्या."

दुपारपर्यंत सबंध ओळीतले बोळे निघाले. बायका अंगणात उभ्या राहून आपापल्या घरातून निघणारा धूर बघत होत्या. संध्याकाळी मात्र कौशल्याबाईंच्या वरणात धूळ पडली आणि त्या तणतणत आल्या. रंगरावांनी रविवारी बाजारातून बारीक जाळी आणली आणि आधी कौशल्याबाईंच्या झरोक्याला बसवली, तेव्हा कुठं त्या शांत झाल्या.

अवकाशाचं कोडं मात्र तसंच होतं. ते सुटलं पुनावळ्यात.

पुनावळ्याच्या सावित्रीबाई वसाहतीत दूध घालायला छकड्यातून येत. दूध मापता मापता त्यांनी शालनबाईंचं वाचन ऐकलं होतं. एकदा पडवीचं प्रकरण चाललं होतं. पडवी धड आत नाही, धड बाहेर नाही, असं काहीसं त्यात होतं आणि शालनबाई अडल्या होत्या.

"पडवी व्हय? आमच्याकडं हाय की," सावित्रीबाई म्हणाल्या. "बसा छकड्यात. दुपारचं माघारी आणून सोडते."

सावित्रीबाईंचं घर मातीचं, नीट सारवलेलं. पडवीत एका अंगाला म्हैस बांधलेली, दुसऱ्या अंगाला घोंगडी अंथरलेली. शालनबाई घोंगडीवर बसल्या. समोर ऊन रणरणत होतं, पाठीशी घरातला गारवा होता. वाटेनं जाणारा माणूस थांबून सावित्रीबाईंशी बोलला आणि आत न येता, बाहेर न राहता पाणी पिऊन गेला.

शालनबाईंनी खांबाकडं पाहिलं, मग भिंतीकडं, मग त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेकडं. तिथं काहीच नव्हतं, आणि सगळं तिथंच घडत होतं.

"सावित्रीबाई, हा अवकाश," त्या म्हणाल्या. "आपण अवकाशात बसलोय."

"आमी तर हितं रोजच बसतो," सावित्रीबाई म्हणाल्या आणि ताकाचा तांब्या पुढं केला.

छकड्यातून परतताना शालनबाईंना जिकडंतिकडं अवकाश दिसू लागला. चिंचेखाली, पुलाच्या कमानीत, बैलांच्या शिंगांमध्येसुद्धा. त्या एकेक दाखवत होत्या आणि सावित्रीबाई हसून हसून कासरा ओढायला विसरत होत्या.

मग शालनबाईंनी पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा धरलं. दुपारची कामं उरकली की त्या मोठ्यानं वाचायच्या आणि बायका दाराशी बसून ऐकायच्या. पडवीचं प्रकरण संपलं त्या दिवशी सगळ्या मिळून वसाहतीच्या बांधकामावरच्या उद्धवराव ओव्हरसिअरांकडं गेल्या. आमच्या घरांना पडवी का नाही, असं त्यांनी विचारलं.

उद्धवरावांनी नकाशा पसरला. पडवी दिली असती तर मागची खोली गेली असती, हे त्यांनी बोट ठेवून दाखवलं. शालनबाईंना ते पटलं. नकाशा वाचता येतो याचाच त्यांना इतका आनंद झाला, की त्या तासभर हलल्याच नाहीत. शेवटी उद्धवराव म्हणाले, "पडवी नाही देता येत. पण फुटक्या शहाबादी फरश्या पडल्यात, ओटा करून घ्या." दोन रविवारांत पुरुषमंडळींनी ओटा घातला. वाचन तिथं हललं.

जिन्यांचं प्रकरण आलं तेव्हा कौशल्याबाई म्हणाल्या, की हे देहूला घाटावरच वाचावं. सगळ्या एसटीनं देहूला गेल्या, सावित्रीबाईही आल्या. इंद्रायणीच्या पायऱ्यांवर बसून शालनबाईंनी वाचलं, की पायरी नुसती चढण्यासाठी नसते, ती माणसाला रेंगाळायलाही लावते. बायकांनी भाकऱ्या सोडल्या. रुंद पायरीवर मांडी घालून बसता येतं, अरुंद पायरीवर पाय खाली सोडावे लागतात, हे त्यांनी जागा बदलून बदलून ताडून पाहिलं. पुढच्या पानावर होतं, की दार थोडं ठेंगणं असावं, म्हणजे आत येणारा वाकून येतो.

"हे काय खरं न्हाई," सावित्रीबाई म्हणाल्या. "आमच्या म्हशीला कोण सांगनार?"

त्यावरून अशी जुंपली, की परतीची एसटी समोरून निघून गेली. शालनबाईंनी पान उलटलं आणि पुढचं वाचायला घेतलं.